खाकी शर्टातला फ्यूज

मिस्तरींकडे गाडी नेली की ते आधी बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि वास घ्यायचे. मीटर नाही, टेस्टर नाही. डोळे मिटायचे आणि वायरींच्या जुडग्यावरून नाक फिरवत न्यायचे, गजरा विकत घेताना बायका घेतात तसं. मग एके जागी थांबून म्हणायचे, "हितं." तिथं जळकी वायर निघायचीच असं काही नाही. माझ्या पिकअपमध्ये एकदा त्या जागी उंदरीण व्यालेली निघाली. मी पोट धरून हसले. मिस्तरींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "उंदीर बी गरम जागाच बघतो," म्हणाले, "म्हंजे वायर तापत व्हती." आपलं चुकलं असं त्यांच्या तोंडून पंचवटीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

तपोवनाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. माणूस मूळचा सिन्नरकडचा, अंगानं काटकुळा, मिशी पिकलेली. माझी मखमलाबाद रोडला रोपांची नर्सरी आहे आणि रोपं पोचवायला पिकअप मीच चालवते, त्यामुळे आमची गाठ वरचेवर पडायची. गाठ म्हणजे भांडणच. मी बोलायला सुरुवात केली की थांबत नाही, हे मला घरचेही सांगतात. मिस्तरी माझं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "ताई, आधी नाक, मग हात, तोंड सगळ्यात शेवटी. तुमचं समदं उलटं हाय."

शेडच्या भिंतीवर निळ्या रंगाचा एक फळा होता. त्याच्यावर खिळे ठोकून काय काय टांगलं होतं: सिगरेटच्या पाकिटातली चांदी, केसांची पिन, वाकवलेला खिळा, तांब्याच्या तारेचा पीळ, कुणाच्या तरी पैंजणाची कडी. फ्यूज जळला की नवा आणायचा कंटाळा म्हणून लोक त्या जागी हे असलं काहीतरी खुपसतात. गाडी चालते, आणि कधीतरी पेटते. मिस्तरी अशा वस्तू गाडीतून उपटून काढायचे, मालकासमोर फळ्यावर टांगायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला त्याचं नाव सांगायचे. "शहाण्यांचा फळा," म्हणायचे. एक भाजीवाला या अपमानानं जो गेला तो परत फिरकला नाही. मी एकदा म्हटलं, अहो, धंदा करताय की शाळा चालवताय? तर त्यांनी सांगितलं की त्यांच्या धाकट्या भावाचा टेम्पो असाच एका चांदीच्या कागदापायी जळाला. भाऊ उडी मारून वाचला, पण त्याचा अर्धा चेहरा आजही बघवत नाही. एवढं सांगून ते परत वायरींत गेले. त्यानंतर मी त्या फळ्यावरून त्यांना कधी चिडवलं नाही.

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्याच दोन सवयींनी केलं.

पहिली सवय खिशाची. कुठल्याही गाडीत हात घालण्याआधी ते तिचा फ्यूज काढून आपल्या खाकी शर्टाच्या खिशात टाकायचे. वर बटण लावायचे. आपले हात आत असताना कुणी किल्ली फिरवली तर काय, ही भीती. "माझा जीव माझ्या खिशात," म्हणायचे. दुसरी सवय पांढऱ्या शर्टाची. मोठं काम केलेल्या गाडीच्या पहिल्या फेरीला ते स्वतः सोबत यायचे, आणि त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे. मुलगी बघायला निघाल्यासारखे दिसायचे. मालक नको म्हणाला तरी यायचेच.

आता आईचं सांगते. आईच्या फुप्फुसांनी हात टेकल्यापासून ती ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. खोक्याएवढं मशीन, विजेवर चालतं, त्यातून निघालेली नळी नाकात. घरात ती नळी घेऊन स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जाते आणि परत येते. तिची मोठी बहीण सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावर, अंथरुणाला खिळलेली. दोघी फोनवर बोलायच्या, म्हणजे एक खोकायची आणि दुसरी रडायची. मग मावशीनं आपल्या लेकाकरवी, म्हणजे आईच्या भाच्याकरवी, निरोप दिला की एकदा डोळ्यांनी बघायचंय. आईनं त्याच दिवशी लुगड्याची घडी काढून ठेवली.

मी ॲम्ब्युलन्सचं बोलले. आई म्हणाली, "त्या गाडीतून मी उतरले तर ती मला बघूनच जाईल." मुद्दा खरा होता. शिवाय पाड्यावर वीज असते-नसते, तिथंही मशीन चालायला हवं. डॉक्टरांनी नाखुशीनं परवानगी दिली, पण मशीन वाटेत कुठंही बंद पडता कामा नये म्हणून बजावलं. तर मग पिकअपमध्ये दुसरी बॅटरी बसवायची असं ठरलं, आणि बसवणार कोण याबद्दल नाशकात दुसरं नाव माझ्या डोक्यात आलं नाही. हेही खरंच आहे.

मिस्तरींनी काम मात्र बघत राहावं असं केलं. मागच्या हौद्यात, केबिनला टेकून, लोखंडी पट्टीत आवळून नवी बॅटरी. तिच्यावर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर मशीन, वरून ताडपत्री. मशीनची नळी केबिनच्या मागच्या सरकत्या काचेतून आत, आईच्या सीटपर्यंत. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत अंगठ्याएवढी जाड तांबडी वायर, जिथं पत्रा घासेल तिथं रबरी नळीत घातलेली. मध्ये एक रिले, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जाणार. मशीननं मागची पिऊन संपवली तरी पुढची गाडी चालू करायला शाबूत. वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक फ्यूज. मी म्हटलं, दोन कशाला? "दोन्हीकडं बॅटरी हाय ना," ते म्हणाले. "आग कुठूनबी येती."

दोन गोष्टींवरून आमचं वाजलं. मागची बॅटरी चार्ज होतेय की नाही ते दाखवणारा छोटा मीटर समोर बसवा, असं मी म्हणत होते. "मीटर कशाला? मी हाय की सोबत." आणि मी शेजाऱ्यांकडून एक लहान ऑक्सिजन सिलेंडर मागून आणला होता, अडीअडचणीला. तो बघून मिस्तरी असे फुगले की चहा घेतला नाही. "माझ्या वायरिंगवर भरवसा नाय व्हय?" मी म्हटलं, तुमच्यावर आहे, नशिबावर नाही. सिलेंडर सीटखाली गेला आणि मीटर बसवायचा राहिला. त्या मीटरसाठी मी अजून स्वतःशी भांडते.

निघायच्या दिवशी सकाळी मिस्तरी खाकी शर्टातच आले, पुढच्या बॅटरीची एक पकड पुन्हा आवळायला. आईनं नव्या बॅटरीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. उदबत्ती मात्र मिस्तरींनी तिच्या हातातून काढून घेतली. "माई, ऑक्सिजनच्या गाडीत इस्तू नाय. देवाला कळतं." मग पकड आवळून झाली, बॉनेट पडलं, "आलोच" म्हणून ते मागच्या गल्लीत घरी गेले आणि पांढऱ्या शर्टात परत आले. मशीन लावलं, हिरवा दिवा लागला, आईनं श्वास घेऊन मान हलवली. मिस्तरी हौद्यात पोत्यावर मांडी घालून बसले. आम्ही निघालो.

दिंडोरी गेलं, वणी गेलं. आई खिडकीतून बघत होती आणि कुठल्या शेतात पूर्वी काय होतं ते सांगत होती. पाठीमागून मशीनचा आवाज येत होता, धप् आणि फुस्, धप् आणि फुस्. त्या आवाजाची मला इतकी सवय आहे की तो असतो तेव्हा ऐकू येत नाही. घाट सुरू झाला, मोबाइलची रेंज गेली, आणि एका वळणावर इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला.

मी गाडी कडेला घेतली. मिस्तरींनी उतरून हौद्यातल्या जोडांचा वास घेतला. पुढं आले, बॉनेट उघडलं. नाक खाली नेलं आणि तसेच थांबले. मग त्यांचा उजवा हात हळूहळू छातीवर, खिशाशी गेला. पांढऱ्या शर्टाचा खिसा. त्यात कंगवा होता.

"ताई," ते म्हणाले, "फ्यूज घरी हाय."

"कुठला फ्यूज? घरी कुठं?"

"पुढचा. खाकी शर्टात."

म्हणजे नाशिक सोडल्यापासून मागच्या बॅटरीत पुढून करंटचा एक थेंब गेला नव्हता. भरलेली होती म्हणून चालली, आता संपत आली होती. मला जे बोलायचं होतं ते सगळं एकदम घशाशी आलं. मी म्हणाले, "मिस्तरी, आई मेली तर मी तुम्हाला सोडणार नाही." ते म्हणाले, "नका सोडू." तेवढ्यात पीं पीं थांबलं आणि त्याच्याबरोबर धप् आणि फुस्ही थांबलं.

मी आईची नळी काढून सिलेंडरला लावली. सिलेंडर लहानच, त्याचा काटा बघता बघता सरकत होता. मागं फिरावं तर वणीही आता लांब आणि पुढचा पाडाही लांब. आईच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा मी बघत होते आणि आई माझ्याकडे बघत होती. तिनं एकदाही विचारलं नाही काय झालं म्हणून.

एक जीप थांबली, सुरगाण्याकडे माणसं भरून चाललेली. तिचा ड्रायव्हर उतरून बॉनेटमध्ये डोकावला आणि खिशातलं सिगरेटचं पाकीट पुढं करून म्हणाला, "मिस्तरी, चांदी लावा ना. आमी तं रोज लावतो." मिस्तरींनी ती चांदी हातात घेतली. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या क्षणी मी हात जोडून म्हटलं असतं, लावा. काय वाट्टेल ते लावा.

त्यांनी ती चांदी ड्रायव्हरला परत दिली. "एवढ्या करंटला ही डोळ्याचं पातं लवायच्या आत जळंल. आन् गाडीत ऑक्सिजन हाय." मग ते धावत मागं गेले, मागच्या टोकाचा फ्यूज काढला, पुढं आणून बॉनेटखाली आवळला. म्हणजे आता पुढं फ्यूज होता आणि मागं नव्हता.

"आणि मागं?" मी विचारलं.

"पुढं तापलेलं इंजिन हाय, तिथं फ्यूज पायजेच. मागं मी हाय."

मला कळलं नाही. त्यांनी दाखवलं. मागं वायरीची दोन टोकं उघडी पडली होती. ती एकमेकांवर दाबून धरली की करंट जाणार, सोडली की तुटणार. मी म्हटलं, बोल्ट मारून टाका ना दोन्हीला. "बोल्ट मारला आन् खाली कुठं वायर घासली तर तोडणार कोण? आवळलेला बोल्ट काय उडी मारून सुटतो का?" मशीन त्यांनी पार दुसऱ्या कोपऱ्याला सरकवलं, ताडपत्री उघडी टाकली, पोतं पाण्यानं भिजवलं. मग रुमाल गुंडाळून दोन्ही टोकं उजव्या मुठीत धरली. "रेस सोडू नका. गाडी बंद करू नका. मी हाक मारल्याशिवाय मागं बघू नका."

धप् आणि फुस्. मी आईची नळी पुन्हा मशीनला लावली आणि गियर टाकला.

तो रस्ता मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो आवाज. खड्ड्यात चाक गेलं की मशीन आचका द्यायचं, आणि मग परत धप्. आरशात पांढरा शर्ट दिसत होता, एका कुशीवर वाकलेला. कापड करपल्याचा वास काचेतून आत यायला लागला. आई मान वळवून त्यांच्याकडेच बघत होती.

"थांब," आई म्हणाली. "त्याचा हात भाजतोय."

"आई, थांबले तर तुझं..."

"मी सांगते ना, थांब. मला जरा वेळ चालेल." तिला चालणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

मी पाय ढिला केला तशी मागून हाक आली, "रेस," आणि त्या आवाजात असं काही होतं की मी पुन्हा दाबला. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. त्याचा हात भाजतोय याचं वाईट वाटत होतं आणि भाजू दे असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. आई मात्र तोंडावर पदर धरून, नळीच्या वरून, रडत होती.

पाड्यावर वीज होती. भाच्यानं मशीन उचलून घरातल्या बोर्डाला लावलं, आणि मी मागं गेले. मिस्तरी अजून तसेच बसले होते. मूठ उघडत नव्हती. रुमाल तळहाताला चिकटला होता. मी पाणी ओतत राहिले आणि ते बोट-बोट सोडवत राहिले. पांढऱ्या शर्टाची बाही काळी झाली होती.

आत मावशी खाटेवर, आई तिच्या उशाशी. दोघींनी एकमेकींचे गाल चाचपले, आंधळ्यांनी चाचपावेत तसे. मग मावशीनं दारात हात वर धरून उभ्या असलेल्या मिस्तरींकडे बघितलं. "हा कोण?"

"ह्यानं आणलं मला," आई म्हणाली.

माझ्या तोंडावर आलं होतं, ह्यानंच मारलं असतं तुला. पण मिस्तरीच पुढं आले, खाली बसले आणि आईला म्हणाले, "माई, माझं चुकलं." मावशीला काही कळलं नाही. ती म्हणाली, त्याला आधी नागलीची भाकर द्या. त्यांनी डाव्या हातानं खाल्ली.

परतीसाठी सुरगाण्याच्या बाजारातून भाच्यानं फ्यूज आणला. मावशी त्यानंतर पुढच्या भातलावणीपर्यंत होती.

नाशकात आल्यावर काही दिवसांनी मी शेडवर गेले, तेव्हा निळ्या फळ्यावर सगळ्यात वर एक करपलेला रुमाल टांगलेला होता. समोर बसलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "हे कोणाचं?" मिस्तरी पट्टी बांधलेल्या हातानं मिशी चाचपत म्हणाले, "एक व्हता शहाणा. मीटर नको म्हणायचा." त्या आठवड्यात त्यांनी माझ्या गाडीत मीटर बसवला, मी न सांगता.

आणि तो खाकी शर्टातला फ्यूज त्यांनी घरी येऊन आईच्या हातावर ठेवला. "माई, हा तुमच्याकडं. बाजारातला काढून मागच्या टोकाची जागा मोकळीच ठेवलीय. पुन्हा निघाल तवा मी मागंन, तुम्ही द्यायचा. माझ्या खिशावर आता माझा भरवसा नाय."

मग तसंच सुरू झालं. डॉक्टरकडे जायचं असो की माझ्या बहिणीकडे, मिस्तरी येणार, दोन्ही टोकांचा वास घेणार, आईसमोर उभे राहून तळहात पुढं करणार. राकट तळहातावर भाजल्याचा तांबूस चकाकणारा पट्टा. आई कंबरेच्या पिशवीतून फ्यूज काढायची, हातावर ठेवायची आणि दर वेळी तो पट्टा अंगठ्यानं एकदा चोळायची. मी म्हणायचे, झालं का तुमचं लग्न, उशीर होतोय. ते म्हणायचे, तोंड शेवटी, ताई.

गेल्या थंडीत मिस्तरी गेले. झोपेतच, काहीच न बोलता. आई, जिच्यासाठी आम्ही सगळे वर्षानुवर्षं श्वास मोजत बसलो होतो, ती मागं राहिली. तिला बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मला पोचवायला जायचंय." मी पिकअप दारात आणली, मशीन चढवलं, आईला सीटवर बसवलं आणि घाईनं म्हटलं, दे तो फ्यूज.

आईनं मूठ आवळून घेतली. "आधी वास घे."

"आई, मला काय कळतं त्या वासातलं. मीटर आहे आता."

"घे म्हणते ना."

कॉलनीतली माणसं गॅलरीतून बघत होती. मी बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. मग हौद्यात चढले, गुडघ्यावर बसले आणि मागच्या टोकाशी नाक नेलं. रबर, डिझेल, धूळ, आणि कशाचा तरी जुना करपट वास. मला त्यातलं खरंच काही कळलं नाही. मी डोळे मिटून तशीच थोडा वेळ राहिले. मग खाली उतरले, तोंडातून एक शब्द न काढता आईसमोर उभी राहिले आणि तळहात पुढं केला.

तिनं फ्यूज त्यावर ठेवला, आणि अंगठा काहीतरी शोधत माझ्या हातावरून एकदा फिरवला.